हंबीररावांनी थांबवलेलं विमान

मंगळवार पेठेतल्या त्या गल्लीत किती वाजले हे बघायला कुणी मोबाईल काढत नसे. उदयसिंह इंगळ्यांनी स्कूटर बाहेर काढली की आठ वीस झाले असं समजून शेजारणी कुकर लावत. उदयसिंह एका दूध संघाच्या वाहतूक विभागात होते आणि बासष्ट टँकर त्यांच्या कागदाबरहुकूम धावत. नेसरीकडचा टँकर कुठल्या वळणावर किती वाजता असतो, हे ते झोपेतसुद्धा सांगू शकत. त्यांच्या पत्नी वर्षाराणी यांचं म्हणणं, ते खरोखरच झोपेत सांगतात.

अशा माणसाचं विमान चुकलं. आता विमान कुणाचंही चुकू शकतं, पण ज्या रीतीनं उदयसिंहांचं चुकलं ती रीत कोल्हापूरच्या बाहेर कुणाला जमली नसती, म्हणून सांगायचं.

सुरुवात नोव्हेंबरातल्या एका संध्याकाळी झाली. लेक मोना पुण्याला इंजिनिअरिंगला गेल्यापासून घरात दोघंच होते, म्हणजे कागदोपत्री. वर्षाराणी बालवाडी चालवत. दिवसभर चाळीस पोरांना गप्प बसवून आलेल्या बाईला संध्याकाळी आपणही थोडं बोलावं असं वाटणारच. त्या म्हणाल्या, "अहो, मला काय वाटतं सांगू का..." आणि बेल वाजली. शेजारच्या बाळाबाईंना विरजण हवं होतं. बाळाबाई गेल्या. वर्षाराणी म्हणाल्या, "तर मी काय म्हणत होते..." आणि बेल वाजली. कोपऱ्यावरचे हंबीरराव पेपर मागायला आले आणि बातम्याही वाचून दाखवून गेले. तिसऱ्यांदा तोंड उघडलं तेव्हा उदयसिंहांची थोरली बहीण, आक्का, भाजीची पिशवी घेऊन आत आल्या. त्यांना बेल वाजवायची गरज नव्हती, त्या दोन गल्ल्या पलीकडून हाक मारतच येत.

आक्का गेल्यावर वर्षाराणींनी दार आतून लावलं आणि दाराला पाठ टेकून उभ्या राहिल्या.

"तेवीस वर्षं झाली लग्नाला. महाबळेश्वरला गेलतो तेव्हा आपल्यासंगं नऊ माणसं होती. मला तीन दिवस पायजेत. आपण दोघंच. तिसरं माणूस दिसलं की मी तिथनं माघारी येणार."

उदयसिंहांनी बायकोच्या तोंडाकडं बघितलं. ती रागावलेली नव्हती. तिला खरंच तीन दिवस हवे होते, आणि एवढ्या साध्या मागणीसाठी तिला दार अडवून उभं राहावं लागलं, हे त्यांच्या जिव्हारी लागलं. "दिला शब्द," ते म्हणाले. "डिसेंबरात. हैदराबाद. विमानानं. नियोजन माझ्याकडं सोड." बासष्ट टँकर हाकणाऱ्याला दोन माणसं हाकणं काय अवघड, असा त्यामागचा हिशेब होता.

नियोजन उत्तम झालं. संगणकावर तक्ता तयार झाला. चारमिनार एक तास दहा मिनिटं, गोवळकोंडा दोन तास, बिर्याणी पन्नास मिनिटं, विश्रांती पंधरा मिनिटं. बेत गुप्त ठेवायचा असंही ठरलं. तो गुप्त राहिला बरोबर रजेचा अर्ज देईपर्यंत.

आस्थापना विभागातल्या पिराजींनी अर्ज नाकापर्यंत नेऊन वाचला. "साहेब, हितं कारण लिवलंय 'पर्यटन'."

"मग?"

"पर्यटन चालत न्हाय. मयत चालती, लगीन चालतंय, आजारपण चालतंय, शेतीचं काम चालतंय. पर्यटनाला आजवर कुणी रजा मागितलीच न्हाय, मग फाईल कशाची काढू?"

"अहो, थंडीच्या दिवसांत चार लोक फिरायला जातातच की."

"थंडी म्हणताय?" पिराजींचा चेहरा उजळला. "मग थंडीताप लिवतो की. फकस्त डॉक्टरचा दाखला आणा."

स्वाभिमानी माणसानं धडधाकट असताना थंडीताप का म्हणून पत्करावा? अर्धा तास वाटाघाटी झाल्यावर 'कौटुंबिक निकड' या शब्दांवर तडजोड झाली, आणि हीच चूक ठरली. पर्यटन म्हटलं असतं तर लोक दोन दिवस जळले असते आणि विसरले असते. निकड म्हटल्यावर दुपारच्या डब्याला अख्खा विभाग उदयसिंहांच्या टेबलाभोवती जमला. कुणी पाठीवर हात ठेवला, कुणी चांगला वकील सुचवला. शेवटी उदयसिंहांना खरं सांगावं लागलं, आणि ते स्कूटरवरून घरी पोचायच्या आत त्यांचं हैदराबाद गल्लीत पोचलं.

आक्का उंबऱ्यातच बसल्या होत्या.

"दोघंच जाणार म्हणं?"

"व्हय आक्का."

आक्कांनी भावाला जवळ घेतलं आणि आवाज खाली आणला, म्हणजे तो फक्त तीन घरांत गेला. "काय बिघडलंय का तुमच्यात? खरं सांग. भांडान असलं तर हितं मिटवू, हैदराबादला कशाला जातायसा?"

एखादं जोडपं आपखुशीनं, सोबत माणसं न घेता कुठं जातं ही गोष्टच आक्कांच्या हिशेबात बसेना. त्यांनी मध्यस्थीला येण्याची तयारी दाखवली. विमानात जागा नाही म्हटल्यावर "मी मांडी घालून कुठंबी बसतो" म्हणाल्या. त्यांना थोपवायला वर्षाराणींना पहिल्यांदाच खोटं बोलावं लागलं, की हा एक नवस आहे आणि तो दोघांनीच फेडायचा असतो. देवाचं नाव आक्कांनी विचारलं नाही, हे देवाचेच उपकार.

मग सल्ल्यांचा पूर आला. बाळाबाई म्हणाल्या, थंडी खायची तर पहाटं जोतिबाला जावा, दात वाजत्यात, हैदराबादला कसली थंडी? कुणी म्हणालं, राजवाडा आपल्याकडंबी हाय की, त्यासाठी विमान कशाला? बिर्याणीविषयी तर गल्लीचं एकमत होतं. भाताखाली मटण लपवून ठेवणाऱ्या गावावर किती विश्वास टाकायचा? सल्ल्यांमागून याद्या आल्या. बाळाबाईंना खाऱ्या बिस्किटांचे दोन डबे, आक्कांना लाखेच्या बांगड्या, कुणाच्या सुनेला मोत्यांची माळ. उदयसिंहांनी तक्त्यात 'खरेदी' असा नवा रकाना पाडला आणि विश्रांतीची पंधरा मिनिटं त्याला देऊन टाकली.

आता हंबीररावांविषयी सांगायला हवं. त्यांनी तीस वर्षं एका ट्रॅव्हल्सच्या ऑफिसात काढली होती. मुंबईची गाडी सुटायच्या वेळेला ओळखीचा कुणी गंगावेशीत अडकला असेल तर हंबीरराव गाडी थांबवत. ड्रायव्हरला पान देत, प्रवाशांना दमात घेत, पण आपला माणूस चढल्याशिवाय गाडी हलू देत नसत. गल्लीतल्या निम्म्या घरांवर त्यांचे असे उपकार होते. निवृत्त झाल्यावर थांबवायला गाडी उरली नाही, म्हणून ते कोपऱ्यावरच्या आपल्या कट्ट्यावर बसून माणसं थांबवत.

निघायचा गुरुवार उजाडला. पावणेदोनचं विमान, पावणेएकला काउंटर बंद, विमानतळापर्यंत पस्तीस मिनिटं. उदयसिंहांनी अकरा दहाची रिक्षा सांगितली होती आणि ती अकरा दहाला दारात होती. इथवर तक्त्यात खोट नव्हती. पण गल्ली दीडशे पावलांची आणि प्रत्येक पावलाला एक माणूस उभा.

आक्कांनी ओटी भरली, हातावर दही ठेवलं, मग दही नुसतं कसं म्हणून साखर आणायला आत गेल्या, आणि साखरेचा डबा सापडेना. बाळाबाईंनी शिरा केला होता. "नवसाला निघालेली माणसं, तोंड गोड केल्याबिगर कशी सोडू?" शिरा गरम होता आणि गरम शिरा भराभर खाता येत नाही. बारा वाजून पाच मिनिटांनी रिक्षा कोपऱ्यावर आली तेव्हा हंबीरराव रस्त्याच्या मधोमध हात आडवे करून उभे होते.

"उदयराव, च्या."

"हंबीरराव, आज माफ करा. विमान..."

"आमच्या दारावरनं तुम्ही च्या न घेता गेला, तर लोक काय म्हणतील? इमान कुठं पळून चाललंय? किती वाजता हाय?"

"पावणेदोन. पण तासभर आधी..."

हंबीरराव हसले. कळीच्या वेळेला कळीचा माणूस हसतो तसं हसले. खिशातून फोन काढला. "सम्राट. माझ्या मेव्हण्याचा साडू. विमानतळावरच हाय. आपला माणूस हाय म्हटल्यावर..." आणि फोन लागला. "सम्राट? व्हय, मीच. आमचं पावणं येणार हायत पावणेदोनच्या इमानाला. जरा मागंफुडं झालं तर बघ की. बघतोस न्हवं? आं? बघतो म्हणालास न्हवं? झालं मग." फोन खिशात गेला. "तो बघतो म्हणाला. बसा आता निवांत. तुम्ही चढल्याबिगर चाक हलणार न्हाय."

बावीस वर्षं ज्यानं टँकरला चार मिनिटं माफ केली नव्हती, त्या माणसानं यावर हसायला हवं होतं. पण उदयसिंह इंगळे कट्ट्यावर बसले. विमान जगाच्या नियमानं चालतं हे त्यांना ठाऊक होतं. पण 'आपला माणूस आहे तिथं' हे वाक्य ऐकलं की कोल्हापूरकराच्या आतली सगळी कुलपं आपोआप उघडतात, त्याला शिक्षण आडवं येत नाही. शिवाय, जन्मात पहिल्यांदा कुणीतरी त्यांच्या डोक्यावरची वेळ उचलून स्वतःच्या डोक्यावर घेतली होती. ते फार हलके झाले. त्यांनी दुसरा कपही घेतला.

रिक्षात बसलेल्या वर्षाराणी नवऱ्याकडं बघत होत्या. त्यांनी एकदा मोबाईलवर वेळ बघितली आणि मोबाईल पर्समध्ये ठेवला.

विमानतळावर ते एक वाजून सहा मिनिटांनी पोचले. काउंटरवरची मुलगी हळहळली, पण तिनं मान हलवली. काउंटर बंद झालं होतं.

"तुम्ही सम्राट यांना बोलवा," उदयसिंह शांतपणे म्हणाले.

"कोण सम्राट, सर?"

"त्यांना सगळी कल्पना आहे."

मुलीनं शेजारच्याला विचारलं, शेजारच्यानं दारावरच्या जवानाला विचारलं, जवानानं आणखी कुणाला विचारलं. कुणालाच सम्राट माहीत नव्हते. सामान ओढत दोघं बाहेर आले, तर समोरच्या हिरवळीवर एक गृहस्थ पायजमा गुडघ्यापर्यंत खोचून नळीनं पाणी मारत होते. उदयसिंहांना का कोण जाणे शंका आली.

"सम्राट का?"

"व्हय. पावणं तुम्हीच व्हय?" त्यांनी आदरानं नळी बाजूला धरली. "बागेचं कंत्राट माझ्याकडं असतंय. हंबीरभावजींचा फोन आलता, इमानाचं बघ म्हणून."

"मग?"

"बघाय लागलोय की मघापास्नं. अजून हाय बघा तिथं. सुटलं की सांगतो."

पावणेदोनला विमान सुटलं. सम्राटनी दिलेला शब्द पाळला आणि "सुटलं बघा" असं सांगितलं. तिघांनी मान वर करून ते दिसेनासं होईपर्यंत बघितलं.

तेवढ्यात हंबीररावांचा फोन आला. "बसला न्हवं? थांबलंतं का न्हाय इमान?"

उदयसिंहांच्या डोळ्यांपुढं अख्खी गल्ली उभी राहिली. दह्याचा हात, शिरा, याद्या. टँकरवाल्याचं विमान चुकलं म्हणून पुढची दहा वर्षं कट्ट्यावर हशा होणार होता. आणि तो झेलायची ताकद त्या क्षणी त्यांच्यात नव्हती. "थांबलंतं," ते म्हणाले. फोनमधून "अरे वा रे पठ्ठ्या!" अशी आरोळी ऐकू आली आणि फोन बंद झाला.

मग ते बायकोकडं वळले. आता ती रडेल किंवा ओरडेल, आणि दोन्हींचा तिला हक्क आहे, असं त्यांना वाटलं. "माझी चूक झाली," ते म्हणाले. "मला नाही म्हणता आलं नाही. तुझे तीन दिवस मी चहात घालवले."

वर्षाराणींनी बॅगेची मूठ हातात घेतली. "तीन दिवस कुठं गेलेत?" त्या म्हणाल्या. "आज गुरुवार. आपण रविवारी येणार हाय असं सगळ्या गल्लीला ठाऊक हाय. तोवर आपल्याला शोधत कोण येणार न्हाय. मला दोघंच पायजे होतं. हैदराबाद तुम्ही घातलंत मधी."

अशा रीतीनं इंगळे पती-पत्नींची कोल्हापूरची सहल सुरू झाली.

हायवेलगतच्या एका लॉजवर ते उतरायला गेले. व्यवस्थापक भरमाप्पा सीमेकडचे, कपाळावर भस्माचे पट्टे, नियमाला पक्के. त्यांनी आधार कार्ड हातात घेतलं आणि वर बघितलं. "नोड्री, बघा साहेब, ह्यावर पत्ता कोल्हापूरचाच हाय."

"आहे. मग?"

"लोकल जोडप्याला रूम देत न्हाय आम्ही. मालकांचा नियम हाय. घर असताना माणूस लॉजवर का येतंय?" त्यांनी एकदा वर्षाराणींकडं आणि एकदा उदयसिंहांच्या टकलाकडं बघितलं. "लग्नाचा पुरावा हाय का?"

उदयसिंह पन्नाशीला आले होते. आयुष्यात त्यांच्यावर कुणी असला संशय घेतला नव्हता. खरं सांगायचं तर अपमानाच्या खाली कुठंतरी त्यांना किंचित बरंही वाटलं, पण ते त्यांनी दाखवलं नाही. मोनाला पुण्याला फोन करून लग्नाचा फोटो मागवला. तिनं दहा मिनिटं हसून घेतलं आणि फोटो पाठवला. भरमाप्पांनी तो मोठा करून बघितला.

"बाई त्याच हायत. माणूस दुसरा वाटतोय."

"तेव्हा केस होते!"

"ते कुणीबी म्हणंल."

इथं वर्षाराणींचा बांध फुटला. "कवापास्नं सांगाय लागलोय, आधारवरचा फोटो बदलून घ्या, तेल लावा, कागदं एका पिशवीत ठेवा! आईकतंय कोण? सगळं टँकरचं पाठ, घरचं काय म्हणून ध्यानात न्हाय! आणि बॅग अशी मधी ठेवत्यात व्हय? लोक पडतील की!"

उदयसिंहांनी मुकाट्यानं बॅग बाजूला केली.

भरमाप्पांनी किल्ली पुढं सरकवली. "बास. नवरा-बायकोच हाय."

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी कोल्हापूर बघितलं. उदयसिंहांनी कानटोपी घातली, वर मफलर गुंडाळला, आणि डिसेंबर असल्यामुळं ते कुणाला वावगं वाटलं नाही. मिसळीच्या दुकानात वाढणाऱ्यानं विचारलं, "पावणं, कुठनं आला? तिखट सोसंल का?" ज्यांच्या घराण्यात चार पिढ्या कटाचा रस्सा पाण्यासारखा प्यायल्या, त्या उदयसिंहांनी दातओठ खाऊन "हैदराबाद" असं सांगितलं, आणि त्यांना वर दही आणून देण्यात आलं. ते त्यांनी खाल्लं. बायकोला दिलेल्या शब्दासाठी माणसानं याहून मोठा त्याग काय करावा?

राजवाड्यातल्या वस्तू बघताना वर्षाराणी एका तलवारीपुढं थांबल्या आणि म्हणाल्या की, शाळेत असताना त्या दांडपट्टा शिकत होत्या, स्पर्धेत पहिल्या आल्या होत्या, पुढं लग्न ठरलं. उदयसिंहांना हे ठाऊक नव्हतं. पन्हाळ्याच्या बसमध्ये त्या म्हणाल्या की, त्यांना वळणाची भीती वाटते. हेही त्यांना ठाऊक नव्हतं, आणि तेवीस वर्षं त्यांनी आंब्याच्या घाटात बायकोला खिडकीशी बसवलं होतं. ही सगळी वाक्यं घरात सुरू झालीच असतील, प्रत्येक वेळी बेल वाजली असेल, एवढंच. तक्ता उदयसिंहांनी मोबाईलमधून काढून टाकला.

शनिवारी संध्याकाळी वर्षाराणींनी रंकाळ्याचा हट्ट धरला. उदयसिंह बिचकले, पण निवृत्तीपासून हंबीरराव संध्याकाळी कट्टा सोडत नाहीत हा रोजचा अनुभव होता. ते तळ्याच्या पलीकडच्या निवांत बाजूला भेळ घेऊन बसले. वर्षाराणी बोलत होत्या. त्यांना बालवाडीसाठी एक मोठी खोली घ्यायची होती, पोरांसाठी वाळूचा हौद करायचा होता, आणि ते कसं जमेल हे त्या सविस्तर सांगत होत्या. शेजारच्या बाकावर कानटोपी, मफलर आणि वर शालही घेतलेले एक गृहस्थ पाठमोरे बसले होते. ते शिंकले. ती शिंक मंगळवार पेठेत कुणीही ओळखली असती.

हंबीरराव वळले. उदयसिंह उभे राहिले. दोन कानटोप्या समोरासमोर आल्या.

उदयसिंहांना उलट सुटल्यासारखं वाटलं. एकदाचं सांगून टाकावं. "हंबीरराव," ते म्हणाले, "तुम्हाला खरं सांगतो. ते विमान..."

"गप!" हंबीररावांनी दोन्ही बाजूंना बघितलं. "हळू बोला. तुम्ही हैदराबादला हाय. म्हणजे... थांबलं न्हाय व्हय इमान?"

"नाही."

हंबीरराव बाकावर बसले. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. गुरुवारी दुपारीच त्यांनी गल्लीला सांगितलं होतं, इमान अकरा मिनिटं थांबवलं. संध्याकाळपर्यंत तालमीत गेलं. शुक्रवारी तिघं जण तिकिटं घेऊन आले, आमचंबी जरा थांबवा म्हणून. एकाला तर मुंबईचं दुबईला जाणारं थांबवून हवं होतं. "घरात बसाय ईना झालंय, उदयराव. दोन दिवस झालं हितं येऊन बसतोय लपून. आणि उद्या तालीम मंडळ माझा सत्कार करणार हाय. शाल, नारळ. विमानतळावर वट असलेला पेठेतला पहिला माणूस म्हणून." त्यांनी शाल आणखी डोक्यावर ओढली. "भाषणाला तुम्ही हाय. विमानात बसलेला माणूस म्हणून."

उदयसिंह काही बोलणार, तोच वर्षाराणी पुढं झाल्या. हातातली भेळ त्यांनी नवऱ्याकडं दिली. "भावजी, आम्ही येतो की उद्या. आणि विचारलं तर खरं सांगायला लागंल."

"वैनी!" तीस वर्षं मुंबईची गाडी थोपवून धरणारा माणूस हात जोडून उभा राहिला. "काय पायजे ते मागा. पर अब्रू ठेवा."

वर्षाराणींना विचार करावा लागला नाही. "रोज संध्याकाळी सात ते आठ. आमच्या दारावरची बेल वाजता कामा नये. विरजणाला न्हाय, पेपरला न्हाय, च्याला न्हाय. आक्कांनीबी यायचं न्हाय. कसं करायचं ते तुम्ही बघा."

"आक्कांना मी कसं अडवू?" हंबीरराव कळवळले.

"विमान अडवलंसा की."

हंबीररावांनी नवरा-बायकोकडं आळीपाळीनं बघितलं, मान डोलावली, आणि निघून गेले. जाताना त्यांनी चहा विचारला नाही. पेठेच्या ज्ञात इतिहासात हे पहिल्यांदाच घडलं.

रविवारी सकाळी महाद्वार रोडवर बांगड्या, सराफांच्या गुजरीत मोत्यांची माळ आणि एका बेकरीत खारी बिस्किटं घेऊन इंगळे दांपत्य हैदराबादहून परतलं. आक्कांनी बांगड्या उजेडात धरल्या आणि म्हणाल्या, "हैदराबादचा माल तो हैदराबादचा. आपल्याकडं असलं मिळतंय व्हय?" नवसाचा देव कोण हे मात्र त्यांनी आता विचारलं, आणि वर्षाराणी "सांगायचा नसतो" म्हणाल्या.

संध्याकाळी सत्कार झाला. उदयसिंहांनी भाषण केलं, आणि त्यात एक शब्द खोटा नव्हता. ते म्हणाले, "आमची ही सहल झाली ती केवळ हंबीररावांमुळे. त्यांनी फोन केला नसता तर आम्हा दोघांना हे तीन दिवस असे कधीच मिळाले नसते. त्यांचा माणूस विमानतळावर आहे, मी त्याला स्वतः भेटलो, अत्यंत शब्दाला जागणारा माणूस. आणि त्यांच्या फोननंतर त्या विमानाच्या बाबतीत जे घडलं, ते मी जन्मभर विसरणार नाही." टाळ्यांचा कडकडाट झाला. हंबीररावांच्या डोळ्यांत पाणी आलं. लोकांनी त्याचा अर्थ आपल्या परीनं लावला.

सोमवारी सातला पाच कमी असताना हंबीररावांनी आपली खुर्ची कट्ट्यावरून उचलून इंगळ्यांच्या फाटकासमोर आणली आणि तिच्यावर ते बसले. सात वाजता बाळाबाई वाटी घेऊन आल्या आणि परत गेल्या. सात दहाला आक्का लांबूनच हाक मारत आल्या. हंबीररावांनी रस्त्यात हात आडवे केले. मोठी वादावादी झाली. आक्कांनी त्यांचं खानदान काढलं, त्यांनी ते निमूट ऐकून घेतलं, पण हात खाली केले नाहीत.

"आत हाय तरी काय एवढं?" आक्का ओरडल्या.

"दोन माणसं हायत," हंबीरराव म्हणाले. "बोलाय लागल्यात. आठला या."

आक्कांनी कान देऊन बघितलं. खिडकीतून वर्षाराणींचा आवाज येत होता. वाळूचा हौद केवढा असावा, त्याला सावली कशाची करावी, पावसाळ्यात तो झाकायचा कसा, हे सगळं त्या सावकाश सांगत होत्या. मधून मधून उदयसिंह "हं" म्हणत होते. मग आक्कांनी पिशवी खाली ठेवली आणि हंबीररावांच्या शेजारी पायरीवर बसल्या, आठ वाजायची वाट बघत.